मृत्युदंड देता येतो का आणि द्यायचा का: अमेरिकेतली ज्युरी नेमकं काय ठरवते?

‘अमेरिकेत ज्युरीनं मृत्युदंड सुनावला’ अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा दोन वेगळे निर्णय एकाच वाक्यात कोंबलेले असतात. पहिला: या आरोपीला मृत्युदंड देता येतो का? दुसरा: येत असला तरी द्यायचा का?

पहिला प्रश्न पुराव्याचा. नुसता खून सिद्ध होऊन भागत नाही. पैशासाठी केलेला खून, कमालीचं क्रौर्य अशा, कायद्यानं नेमून दिलेल्या गंभीर बाबींपैकी निदान एक तरी सिद्ध व्हावी लागते. ॲरिझोना राज्यात ही बाब ज्युरी नव्हे, न्यायाधीश ठरवत. रोकड नेणारी व्हॅन लुटून चालकाला मारल्याच्या ‘रिंग’ खटल्यात तर खून पूर्वनियोजित होता की नाही, यावर ज्युरीचं एकमतही झालं नव्हतं. दरोड्यातला खून म्हणून तिनं दोषी ठरवलं. तेवढ्यावर जास्तीत जास्त जन्मठेप होती. पैशाचा लोभ आणि क्रौर्य न्यायाधीशांनी स्वतः सिद्ध धरलं आणि मृत्युदंड दिला. २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी तो मार्ग बंद केला: शिक्षेची कमाल मर्यादा वाढवणारी वस्तुस्थिती ज्युरीनंच ठरवायची, तो अमेरिकी राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीनं आरोपीला दिलेला हक्क आहे.

फ्लोरिडाचं म्हणणं, आमच्याकडे ज्युरी आहेच की! होती, पण सल्ल्यापुरती. ‘हर्स्ट’ खटल्यात तिनं ७ विरुद्ध ५ मतांनी मृत्युदंडाची शिफारस केली. कोणती बाब सिद्ध मानली, हे तिला सांगावंच लागलं नाही. ते न्यायाधीशांनी नंतर ठरवलं. २०१६ मध्ये ही पद्धतही घटनाबाह्य ठरली.

गल्लत होते ती इथे. ‘म्हणजे आता मृत्युदंड ज्युरीच देणार’ असा अर्थ लोक काढतात. तसं नाही. आरोपीचं हालाखीचं बालपण, मानसिक आजार हे सगळं गुन्ह्याशी तोलून जीव घ्यायचा की नाही, हा दुसरा प्रश्न. तो ज्युरीकडेच हवा, असं सर्वोच्च न्यायालयाचे न्या. ब्रायर यांनी ‘रिंग’मध्ये, क्रूर शिक्षांना मनाई करणाऱ्या आठव्या दुरुस्तीचा आधार घेऊन लिहिलं, पण ते बहुमताचं मत नव्हतं. २०२० च्या ‘मॅकिन्नी’ निकालात तर ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं, की हा तोल अपिलात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं केला तरी चालतो. नेब्रास्कात ही निवड तीन न्यायाधीश करतात. (आपल्याकडे ज्युरीच नाही, त्यामुळे ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही १९८० च्या बच्चन सिंग निकालातली कसोटी न्यायाधीशच लावतात आणि सत्र न्यायालयानं दिलेल्या फाशीवर उच्च न्यायालयाची मोहोर लागते.)

दोन्ही प्रश्न शेजारीशेजारी पाहायचे तर फ्लोरिडाचा आजचा कायदा बघा. २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. २०२२ मध्ये ज्युरीतले ९ जण मृत्युदंडाच्या बाजूनं होते, ३ विरोधात. तेव्हा एकमत लागायचं, म्हणून जन्मठेप झाली. त्या संतापात २०२३ साली कायदा बदलला. गंभीर बाब सिद्ध मानायला आजही १२ पैकी १२ मतं लागतात, कारण तिथे ‘रिंग’ आणि ‘हर्स्ट’ आड येतात. मृत्युदंडाच्या शिफारशीला मात्र ८ पुरतात. अलाबामात १० लागतात. मला हे उफराटं वाटतं: पुराव्याबद्दल एकाचीही शंका चालत नाही आणि माणूस मारण्याबद्दल चौघांची चालते.