घरातली बिलं, पावत्या आणि दस्त किती वर्षं ठेवायचे? कोकणातल्या घरांसाठी माहिती

मिरगाआधी घर आवरताना कागदांची ट्रंक उघडली की दोन चुका हमखास होतात. दहा वर्षांची वीजबिलं नीट बांधून परत ठेवली जातात आणि आजोबांच्या नावाचा पिवळा पडलेला, मोडी किंवा जुन्या वळणाच्या अक्षरातला कागद रद्दीत जातो. रद्दी काढताना प्रत्येक कागदाला दोन प्रश्न विचारा. हा कागद आपल्याकडे कोण आणि कधीपर्यंत मागू शकतं? आणि हरवला तर त्याची दुसरी प्रत कुठे मिळते?

कधीच टाकायचे नाहीत

खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र आणि जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) कायम ठेवायचे. कोकणात यात कुळकायद्याच्या कागदांची भर पडते. जमीन कुळ म्हणून घरात आली असेल तर कलम 32म चं खरेदी प्रमाणपत्र आणि त्याआधीचा 32ग चा किंमत ठरवल्याचा आदेश हेच मालकीचं मूळ असतं. पुढे विक्री किंवा वाटणी करताना वकील पहिल्यांदा हेच मागतात, आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात दरवेळी ते सापडतातच असं नाही.

आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यू नोंदीचा उतारा, जात लिहिलेला कोणताही जुना सरकारी कागद यांनाही हात लावू नका. जातीच्या दाखल्यासाठी ठरावीक तारखेपूर्वीचे पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. घरातल्या पुढच्या पिढीचा प्रवेश अशा एका कागदावर अडू शकतो.

सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) मात्र साठवण्यात अर्थ नाही. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर 15 रुपयांत मिळतो आणि कोणत्याही कामाला ताजाच लागतो. हस्तलिखित काळातले उतारे तेवढे ठेवा, कारण नावं कशी बदलत गेली ते त्यांवरून कळतं.

वीजबिल, घरपट्टी, वस्तूंच्या पावत्या

वीज कायदा 2003 च्या कलम 56(2) नुसार एखादी रक्कम देय झाल्यापासून 2 वर्षांनंतर वसूल करता येत नाही, मात्र ती मधल्या बिलांत थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल तरच. म्हणून वीजबिलं भरणा पावतीसह 3 वर्षं ठेवावीत. चाकरमान्यांच्या बंद घरांत घोळ होतो तो सरासरी रीडिंगचा. घराला कुलूप, मीटर आत, त्यामुळे अंदाजे बिल येत राहतं. मे महिन्यात किंवा गणपतीला घर उघडलं की मीटरचा तारखेसह फोटो काढा आणि बिल दुरुस्त होईपर्यंत मधलं एकही बिल टाकू नका. मीटर बदलल्याचा अहवाल नवा मीटर असेपर्यंत हवाच.

घरपट्टीचं गणित वेगळं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घराच्या कर आकारणीचा उतारा) किंवा घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नाही, हे आधी लक्षात घ्या. पण सामाईक घरात ताबा कोणाचा हा वाद उभा राहिला की सलग पावत्यांना वजन येतं. स्थावराच्या ताब्यासाठी दावा लावायची मुदत 12 वर्षांची असते, त्यामुळे पावत्याही निदान तेवढ्या वर्षांच्या असाव्यात. सर्वांत जुनी पावती आणि नाव किंवा क्षेत्र बदललेल्या वर्षांच्या पावत्या कायम ठेवा.

फ्रिज, पंप, इन्व्हर्टर यांचं बिल वॉरंटी संपल्यावर आणखी 2 वर्षं ठेवायचं, कारण ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं आहे. दुकानातली गुळगुळीत कागदावरची बिलं आणि एटीएमच्या चिठ्ठ्या काही महिन्यांतच कोऱ्या होतात. त्यांचा त्याच दिवशी फोटो घ्या. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने तो कागद काळा पडतो.

आयकर आणि घराचा खर्च

विवरणपत्र आणि त्यामागचे पुरावे आर्थिक वर्ष संपल्यापासून 7 वर्षं ठेवा. सुटलेल्या उत्पन्नासाठी फेरनिर्धारणाची (कर पुन्हा ठरवण्याची) नोटीस कर निर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष, संपल्यापासून 3 वर्षं 3 महिने, आणि रक्कम 50 लाख किंवा अधिक असेल तर 5 वर्षं 3 महिन्यांपर्यंत येऊ शकते. म्हणजे 2024-25 च्या उत्पन्नाबद्दल सर्वसाधारणपणे 30 जून 2029, मोठ्या रकमेत 30 जून 2031. बँकांवर व्यवहारांच्या नोंदी 5 वर्षं ठेवण्याचं बंधन आहे. त्याहून जुना खातेउतारा मिळेल या भरवशावर राहू नका, दरवर्षी एप्रिलमध्ये पीडीएफ उतरवून घ्या.

घर बांधल्याची किंवा वाढवल्याची बिलं (चिरा, सिमेंट, लोखंड, सुताराची मजुरी) घर विकेपर्यंत आणि त्यानंतर 7 वर्षं. विक्रीचा नफा मोजताना हा खर्च वजा होतो, पण पुरावा असेल तरच. वाडवडिलांची मिळकत 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य धरता येतं, म्हणून त्या काळातला मूल्यांकनाचा कागद असेल तर जपा.

कर्ज फिटलं तरी कागद फिटत नाहीत

बँकेने कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत मूळ दस्त परत द्यायचे आहेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून परत देय झालेल्या दस्तांना रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू आहे. सोबत कर्ज निरंक झाल्याचा दाखला मागा.

आंबा-काजूच्या बागेवरचं पीककर्ज फेडलं तरी सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा (कर्जाची नोंद) तसाच राहतो. बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा निरंक दाखला जोडून तलाठ्याकडे किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर ‘बोजा कमी करणे’ हा अर्ज द्यावा लागतो. नवा सातबारा काढून बोजा गेल्याचं पाहा. दाखला त्यानंतरही ठेवा, वाटणीच्या वेळी लागतो.

नोंदणीकृत दस्त हरवला असेल तर

कोणाला प्रत मिळते: खरेदीखत, बक्षीसपत्र असे स्थावराचे दस्त नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक 1 मध्ये असतात, त्यांची प्रमाणित प्रत फी भरून कोणालाही मिळते. मृत्युपत्राची प्रत ते करणाऱ्याच्या हयातीत फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, त्याच्या पश्चात कोणालाही मिळू शकते.

काय लागतं: दस्त क्रमांक, वर्ष, दुय्यम निबंधक कार्यालयाचं नाव, गाव व गट क्रमांक, आणि ओळखपत्र. अर्ज बहुधा इथे अडतो, कारण दस्त क्रमांक कोणालाच आठवत नाही. सातबाऱ्यावर मालकाच्या नावासोबत फेरफार क्रमांक असतो. त्या फेरफाराचा उतारा काढा, त्यात बहुतेक वेळा दस्ताचा क्रमांक आणि तारीख सापडते. अलीकडचे दस्त नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गाव आणि गट टाकून शोधता येतात. जुन्यांसाठी कार्यालयात शोध फी भरून सूची क्रमांक 2 (मिळकतीनुसार लावलेली दस्तांची यादी) पाहावी लागते. गटवारी (सर्व्हे नंबरांऐवजी गट क्रमांक देणं) होण्याआधीचा दस्त असेल तर जुना सर्व्हे आणि हिस्सा नंबर द्या, नाहीतर नोंद असूनही ‘आढळ होत नाही’ असं उत्तर येतं.

ठेवायचे कसे

22 जुलै 2021 ला चिपळुणात पुराचं पाणी घरांत शिरलं आणि 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत छपरं उडाली. म्हणून पेटी जमिनीलगत नको आणि कौलाखालच्या माळ्यावरही नको. मधल्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा, कारण वाळवी भिंतीतून येते. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, दस्त सुती कापडात. थेट प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद पावसाळ्यात घाम धरतो. स्टेपलच्या पिना काढून दोरा वापरा, गंज कागद खातो. पावसानंतर डबा उघडून कागद सावलीत वाऱ्यावर टाका, उन्हात शाई उडते. मूळ दस्तांचं लॅमिनेशन नकोच.

स्कॅन प्रती गावच्या आणि मुंबईच्या अशा दोन्ही घरांत हव्यात, आणि कोणता मूळ कागद कोणाकडे आहे याची यादी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावी. टाकायच्या कागदांवरचे खाते क्रमांक आणि आधारच्या झेरॉक्स फाडून बंबात घाला, रद्दीवाल्याकडे अख्ख्या देऊ नका.