नळ योजनेचा पैसा: हापशापासून हर घर जलपर्यंत

दीड हजार वस्तीच्या एखाद्या जुन्या गावात गेलात तर पाण्याच्या दोन-तीन टाक्या हमखास दिसतात. एकीच्या सळया उघड्या पडल्यात, दुसरीत कित्येक वर्षं पाणी चढलेलं नाही, तिसरीचा रंग अजून ताजा. तिन्ही वेगवेगळ्या कार्यक्रमांच्या पैशातून उभ्या राहिल्या. बांधायला पैसा दर दहा-पंधरा वर्षांनी मिळत गेला. चालवायचं कुणी, याचं उत्तर मात्र मधेच बदललं.

सुरुवात १९७२च्या दुष्काळापासून धरावी लागते. १९७२-७३ साली केंद्राचा वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू झाला. ज्या गावाला १.६ किलोमीटरच्या आत खात्रीचं पाणी नाही, अशा गावांना प्राधान्य होतं. काळ्या पाषाणात बोअर मारणारी यंत्रं युनिसेफच्या मदतीने आली आणि बोअरवर हापसे बसले. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे हापसे घरगुती वापराच्या घडणीचे होते. दिवसभर अख्खी वस्ती हापसू लागल्यावर ते मोडत. सोलापूर आणि जालन्याकडे ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी मजबूत पोलादी पंप तयार केले होते. त्यातल्या सोलापुरी पंपाच्या धर्तीवर पुढे 'इंडिया मार्क दोन' आला. त्याचाही एक दोष होता: पाण्याखालच्या सिलिंडरमधला साधा वॉशर बदलायला सगळे पाइप वर ओढावे लागत. ते गावाच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून दुरुस्ती पंचायत समितीच्या पथकाकडे राहिली आणि 'पाणी सरकारचं, दुरुस्तीही सरकारची' ही सवय तिथे पडली.

राज्यात १९७६च्या कायद्याने पाणीपुरवठा व जलनिस्सारण मंडळ आलं, तेच १९९७ पासून महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. नळ योजना याच काळात वाढल्या. माणशी रोज ४० लिटरचं प्रमाण ठरलं: पिण्याला ३, स्वयंपाकाला ५, अंघोळीला १५, भांडी-सारवणाला ७, शौचाला १०. कपडे धुण्याचा हिशेब त्यात नव्हता. बांधकामाचा खर्च शासनाचा आणि पाणीपट्टी नावापुरती. तोवर आसपासच्या शेतांत बोअर वाढले आणि योजनेचा उद्भव (जिथून पाणी घेतलं जातं ती विहीर किंवा बोअर) मार्चमध्येच कोरडा पडू लागला. १९९३च्या कायद्याने सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदायला बंदी घातली, पण शेजाऱ्याच्या बोअरविरुद्ध तक्रार कोण करणार?

खरी कलाटणी १९९९-२००० ची. केंद्राने क्षेत्र सुधारणा आणली, राज्याने मागणीवर आधारित धोरण घेतलं, म्हणजे जे गाव मागेल आणि वाटा उचलेल त्याला योजना. २५ डिसेंबर २००२ पासून हाच विचार स्वजलधारा नावाने देशभर गेला. नियम असा: भांडवली खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी गावाने भरायची आणि देखभाल-दुरुस्ती शंभर टक्के गावाची. जागतिक बँकेच्या कर्जावरचा जलस्वराज्य प्रकल्प आणि जर्मन मदतीचा 'आपलं पाणी' याच पायावर उभे होते. ग्रामसभेचा ठराव, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, स्वतंत्र बँक खातं हे शब्द तेव्हापासून गावात रुळले. वर्गणीमागचा विचार साधा होता: पैसे घातले की लोक हिशेब विचारतील. बऱ्याच ठिकाणी ती वर्गणी ठेकेदारानेच भरली आणि देयकातून काढून घेतली. मग हिशेब विचारायचा हक्कही त्याच्याचकडे गेला.

१५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचं प्रमाण धरलं, तेही घरातल्या नळाला. महाराष्ट्रासाठी केंद्र-राज्य वाटा निम्मा-निम्मा. गावांतर्गत कामांच्या खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी. डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना ५ टक्के. ही रोखीने, साहित्याने किंवा श्रमानेही देता येते. गावांतर्गत काम ६० लाखांचं असेल तर ६ लाख, म्हणजे तीनशे कुटुंबांत प्रत्येकी दोन हजार. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ३० टक्के भाग पिण्याच्या पाण्याला आणि ३० टक्के स्वच्छतेला बांधून दिला. मिशनची २०२४ची मुदत मात्र हुकली आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्यात आली.

शुद्धीकरणाच्या वाट्याला या सगळ्यात कमी लक्ष आलं. ५० हजार लिटरच्या टाकीला २५० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, लागते (हजार लिटरला ५ ग्रॅम). ती बादलीत कालवून अर्धा तास ठेवायची, निवळी टाकीत ओतायची, चोथा फेकायचा. चोथाही ओतला की व्हॉल्व्हमध्ये पांढरा गाळ बसतो. तासाभराने शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी (क्लोरीन तपासायचं रसायन) टाकून पिवळा रंग यायला हवा, म्हणजे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन. गोणी उघडी राहिली तर तिची ताकद उतरत जाते आणि मोजून टाकलेली मात्राही पुरत नाही. नदीवरच्या योजनेत तुरटी आणि वाळूचा फिल्टर असतो. तो उलट्या प्रवाहाने धुवायला पाणी आणि वीज दोन्ही जातात. पावसाळ्यात वाळूचा बेड तुंबला की पाणी न गाळता पुढे सोडणारा बायपासचा व्हॉल्व्ह उघडतात, मग तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत उघडाच राहतो. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या फ्लोराइडच्या गावांत (मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम) गाळणीतला अ‍ॅल्युमिना ठरावीक काळाने रसायनांनी धुऊन पुन्हा कामाचा करावा लागतो. बसवण्याला निधी मिळतो, या धुण्याला खर्चाचं शीर्ष नसतं.

चालवण्याचा हिशेब कागदावर मांडून पाहू. १,५०० माणसांना ५५ लिटर आणि गळतीपोटी १५ टक्के धरले तर रोज ९५ हजार लिटर. ते ७० मीटर चढवायला, पंप-मोटारीची मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली तर, रोज ३६ युनिट, महिन्याला सुमारे १,०८०. युनिटला ६ रुपये धरा: साडेसहा हजार. पाणी सोडणाऱ्याला आठ हजार, टीसीएल व तपासणीला हजार, दुरुस्ती आणि पुढच्या मोटारीसाठी पाच हजार. एकूण साडेवीस हजार, तीनशे घरांत महिन्याला ६८ रुपये, वर्षाला ८२० च्या आसपास. वसुली निम्मी झाली तर हातात सव्वादहा हजार येतात. माणसाचा पगार दिला की सव्वादोन हजार उरतात, त्यात वीजबिल बसत नाही. आधी टीसीएल कमी होते, मग दुरुस्तीचे पैसे वळवले जातात, शेवटी विजेची जोडणी तुटते. जोडणी तुटल्यावर उन्हाळ्यात टँकर येतो आणि त्याचा खर्च टंचाईच्या निधीतून होतो, तो पाणीपट्टीच्या कोणत्याच हिशेबात दिसत नाही.