शंभरातले किती जण चिंतेत?

इंदुरात सुदामानगरच्या एखाद्या गल्लीत दारोदार जाऊन ‘तुम्हाला काळजी वाटते का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणणारा विरळाच. मुलगा पुण्याला एकटा राहतो, नातीची दहावी आहे, गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. काळजी वाटणारच. मराठीत तर काळजी करणं हे मायेचंच लक्षण, निरोप देतानाही आपण ‘काळजी घे’ म्हणतो. या उत्तरांवर ‘अख्खं शहर चिंताग्रस्त’ असा मथळा सहज बेतता येईल, पण आजारी किती हे त्यातून कळणार नाही.

म्हणून प्रश्न नेमके करावे लागतात. यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली म्हणजे जीएडी-७. जीएडी म्हणजे ज्यात काळजी सतत लागून राहते आणि आवरत नाही, तो चिंताविकार. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००६ साली प्रसिद्ध केली. प्रश्न सातच: जीव अस्वस्थ होणं, काळजी आवरता न येणं, नाना गोष्टींची अति काळजी, निवांत होता न येणं, एका जागी बसवणार नाही इतकी चुळबूळ, चिडचिड आणि काहीतरी भयंकर घडेल अशी धास्ती. गेल्या दोन आठवड्यांत याचा त्रास किती दिवस झाला, ते सांगायचं. अजिबात नाही तर ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ० ते २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र.

आता गंमत बघा. अमेरिकेच्या २०१९च्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ५ किंवा जास्त गुण मिळालेले प्रौढ १५.६ टक्के होते. रेघ १०वर ओढली की उरतात सुमारे ६ टक्के. माणसं तीच, उत्तरं तीच, पण एक बातमी म्हणेल ‘सहातला एक’ आणि दुसरी म्हणेल ‘सोळातला एक’. ब्रिटनमध्ये २०११पासून विचारतात, ‘काल तुम्हाला किती चिंता वाटली, ० ते १०मध्ये सांगा.’ तिथे ६ आणि त्यावरचे आकडे ‘जास्त’ धरतात आणि कोविडपूर्वीही साधारण पाचातला एक त्या गटात येत असे. पण तो एका दिवसाचा मूड झाला. तो जीएडी-७च्या आकड्याशेजारी मांडून ‘ब्रिटिश लोक अमेरिकनांपेक्षा चिंतातुर’ म्हणणं म्हणजे किलोची लिटरशी तुलना.

सगळ्यात मोठा गोंधळ मात्र चाचणीच्या चुकांमुळे होतो. मूळ अभ्यासात १०ची रेघ धरल्यावर खरे रुग्ण पकडण्याचं प्रमाण ८९ टक्के होतं आणि ज्यांना हा विकार नाही त्यांना बरोबर बाजूला काढण्याचं ८२ टक्के. ऐकायला छान. पण १,००० जणांत खरे रुग्ण ४० आहेत असं धरा. ४०पैकी ३६ सापडतील. उरलेल्या ९६०पैकी १८ टक्के, म्हणजे सुमारे १७३ जण, उगाचच रेघेच्या वर जातील. एकूण २०९. खरं प्रमाण ४ टक्के, सर्वेक्षणातलं २१! शिवाय ‘सापडलेल्या’ दर सहांपैकी पाच जणांना तो विकार नाहीच. प्रत्यक्षात इतकी फसगत सहसा होत नाही, कारण ते ८२ टक्के दवाखान्यात आलेल्या लोकांवरून काढलेले. दवाखान्यात मुळातच तक्रारी घेऊन आलेली माणसं जास्त. जर्मनीत सर्वसाधारण लोकांतल्या ५,०००हून अधिक जणांना हीच प्रश्नावली दिली, तेव्हा १०च्या वर सुमारे ५ टक्केच गेले. आणि चुकून वर गेलेले सगळे ठणठणीत असतात असंही नाही. कुणाला नैराश्य असतं, कुणाला पॅनिकचे झटके, कुणाचं थायरॉइड वाढलेलं.

निदान हवं तर मुलाखतच घ्यावी लागते. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यांत तसंच केलं. मध्य प्रदेश त्यात होता. सगळे मानसिक विकार धरून देशात त्या वेळी आजारी असलेल्या प्रौढांचं प्रमाण १०.६ टक्के निघालं, मध्य प्रदेशात १३.९. यात चिंताविकार हा एक तुकडा. तेव्हा कुणी ‘इंदुरात ४० टक्क्यांना चिंताविकार’ असं सांगू लागला, तर आधी प्रश्नावली मागावी.

ती मराठीत असेल तर आणखी बारकाईने बघावी. दुसऱ्या पर्यायाला ‘काही दिवस’ऐवजी ‘बरेच दिवस’ लिहिलं की तो ‘अर्ध्याहून जास्त’पेक्षाही मोठा वाटायला लागतो आणि उत्तरं कोलमडतात. विचारणाऱ्याने चौदा दिवस बोटांवर मोजून दाखवावेत, आठपासून पुढे ‘अर्ध्याहून जास्त’. इंदूरच्या मराठी घरांत तर अर्धं दुखणं हिंदीत सांगतात: घबराहट, बेचैनी, टेन्शन. आजीबाई ‘छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात’ म्हणतील, आणि या सात प्रश्नांत धडधडीला जागाच नाही. म्हणजे इथे आकडा फुगतो तसा आटतोही. भाषांतर झालं की मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट मूळ भाषेत करून घ्यावं आणि दहा-पंधरा जणांना ‘या वाक्यातून तुम्हाला काय समजलं?’ विचारावं. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो.

मग माणसं निवडणं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला तर तो भरतात मुख्यतः ज्यांना विषय टोचतो ते. सकाळी अकराला घरोघर गेलं तर गृहिणी आणि निवृत्त मंडळी भेटतात. भंवरकुआंच्या कोचिंगवाल्या पोरांना परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात गाठलं तर काय निघणार ते सांगायला नको. घरं चिठ्ठ्या टाकून निवडावीत, घरातला माणूसही, आणि तो नसेल तर शेजारच्याला न विचारता संध्याकाळी परत जावं. अशा १,००० जणांत २० टक्के निघाले तर चूक अडीच टक्के इकडे-तिकडे. ३००च असतील तर साडेचार. एकाच वस्तीतली बरीच घरं घेतली तर ती आणखी वाढते, कारण शेजाऱ्यांचे ताप सारखेच असतात. आणि सासूबाई समोर बसलेल्या असताना सुनेला चिडचिडीबद्दल विचारू नये. कागद तिच्या हाती द्यावा.

सात प्रश्नांखाली आणखी एक ओळ असते, तिचे गुण बेरजेत धरत नाहीत: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, लोकांशी जमवून घेणं किती अवघड गेलं? नातवाची रोज काळजी करूनही पोळ्या, देवपूजा, भिशी सगळं वेळेवर करणारी आजी इथे ‘अजिबात नाही’वर खूण करते. ‘फारच अवघड’वर खूण करणाऱ्याची बेरीज कितीही असो, विचारणाऱ्याने टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हातात ठेवूनच उठावं.