मंददृष्टी : बालकांतील उपचार व त्यांची तुलना

मंददृष्टी (आळशी डोळा, लेझी आय) : योग्य नंबरचा चष्मा लावूनही एका, क्वचित दोन्ही, डोळ्यांची दृष्टी पूर्ण न येणे आणि तपासणीत त्या मानाने डोळ्यात दोष न सापडणे, या अवस्थेस मंददृष्टी म्हणतात. दोन डोळ्यांत तक्त्यावरील निदान दोन ओळींचा फरक हा रूढ निकष आहे. बालपणी एका डोळ्याकडून धूसर किंवा जुळणार नाही अशी प्रतिमा येत राहिली, की मेंदू ती दाबून टाकू लागतो आणि त्या डोळ्याचे मेंदूशी असलेले नाते कच्चे राहते. ‘आळशी डोळा’ हे नाव तोंडी रुळले असले, तरी त्यामुळे मूलच टाळाटाळ करते असा पालकांचा समज होतो, म्हणून ते टाळावे. सुश्रुतसंहितेत ७६ नेत्ररोग वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘तिमिर’ म्हणजेच मंददृष्टी असे काहींनी सुचवले, पण तिमिराची लक्षणे पाहता हे समीकरण ओढूनताणून केलेले वाटते.

तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतील तफावत आणि प्रकाशाच्या वाटेतील अडथळा ही तीन मुख्य कारणे. तिसऱ्या प्रकारात जन्मजात मोतीबिंदू व लोंबणारी पापणी येतात, तशाच इजाही येतात. विटी, धनुष्यबाण किंवा फटाका लागून पारपटलास (डोळ्यापुढील पारदर्शक पडद्यास) जखम झाली वा नेत्रभिंग गढूळ झाले, तर शस्त्रक्रियेने डोळा सांधता येतो. मात्र सात-आठ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत उपचार तेथे संपत नाही. टाके काढले, भिंग बसवले आणि पट्टीचा उपचार (चांगला डोळा पट्टीने झाकून अधू डोळ्यास कामाला लावणे) राहून गेला, तर रचनेने बरा झालेला डोळा दृष्टीने मागेच पडतो. मोठ्या माणसाची आणि लहान मुलाची तीच इजा यांत हा मूलभूत भेद आहे.

उपचाराचा इतिहास : चांगला डोळा झाकून अधू डोळ्यास कामाला लावण्याची कल्पना कोणाची, याविषयी मतभेद आहेत. सातव्या शतकातील ग्रीक वैद्य ईजिनाच्या पॉलने तिरळ्या मुलांसाठी समोर छिद्रे असलेला मुखवटा सांगितला. गेओर्ग बार्टिश याच्या १५८३ च्या जर्मन ग्रंथात अशा मुखवट्यांची चित्रेही आहेत. पण मुखवट्याचा हेतू नजर सरळ करणे हा होता. तो दोन्ही डोळ्यांवर असे. त्यास पट्टीचा पूर्वज म्हणणे सैल ठरते. नवव्या शतकातील हर्रानचा साबित इब्न कुर्रा याने निकोप डोळा झाकण्यास सांगितले होते, असे काही इतिहासकार मानतात. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने १७४३ मध्ये तिरळेपणाचे कारण दोन डोळ्यांच्या असमान शक्तीत शोधले आणि सबळ डोळा झाकण्याचा उपाय कारणासह मांडला. आद्यत्व साबितकडे गेले, तरी उपायाला तात्त्विक आधार देण्याचे श्रेय ब्यूफाँकडे राहावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अट्रोपिन या बाहुली विस्फारणाऱ्या औषधाच्या थेंबांनी चांगला डोळा धूसर करण्याची रीत इंग्रज नेत्रवैद्य क्लॉड वर्थ याने विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आणली. मांजरीच्या पिल्लांची एक पापणी शिवून ह्यूबेल व वीझल या मेंदूसंशोधकांनी १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांनी मेंदूतील बदल उघड केला. दृष्टिसंस्थेवरील कार्याबद्दल १९८१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला.

उपचारांची तुलना : दीर्घकाळ पट्टीचे तास वैद्याच्या अनुभवावर ठरत. यादृच्छिक चाचण्यांनी (रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटून केलेल्या तुलनांनी) हे चित्र बदलले. त्यांत अमेरिकेतील बालनेत्ररोग संशोधकांच्या गटाचे काम मोठे आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन ते सात वर्षांखालील, मध्यम मंददृष्टीची (साधारण ६/१२ ते ६/३०; ६/१२ म्हणजे निकोप डोळ्यास १२ मीटरवरून दिसणारे अक्षर ६ मीटरवरून दिसणे) ४१९ मुले होती. सहा महिन्यांनी पट्टीच्या गटात दृष्टी सरासरी ३.१६ ओळींनी, तर अट्रोपिनाच्या गटात २.८४ ओळींनी सुधारली. पट्टीचा गुण आधी दिसला, पण अखेरचा फरक व्यवहारात नगण्य होता. पुढील वर्षी, मध्यम मंददृष्टीत दिवसाला दोन तासांची पट्टी सहा तासांच्या बरोबरीची आणि तीव्र मंददृष्टीत सहा तासांची पट्टी दिवसभराच्या बरोबरीची ठरली. अट्रोपिन केवळ शनिवार-रविवारी घातले तरी रोजच्या इतकाच गुण येतो, हे २००४ मध्ये दिसले.

म्हणून निवड मुलाच्या स्वभावावर, नंबरवर व घरच्या सोयीवर ठरते. पट्टी मूल ओरबाडून काढते, शाळेत चिडवले जाते, चिकटपट्टीने कातडी लाल होते. अट्रोपिनाचा थेंब काढून टाकता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण बाहुली कित्येक दिवस विस्फारलेली राहते, उन्हात डोळे दिपतात, क्वचित चेहरा लाल होऊन ताप येतो. चांगल्या डोळ्यास प्लस नंबर असेल तर अट्रोपिन अधिक परिणामकारक ठरते. दोन्ही उपचारांत चांगलाच डोळा मागे पडण्याची शक्यता असल्याने ठरलेल्या तपासण्या चुकवू नयेत.

या वादात चष्म्याचे महत्त्व झाकले गेले होते. नंबरांतील तफावतीमुळे आलेल्या मंददृष्टीच्या ८४ मुलांना फक्त चष्मा दिला असता ७७ टक्क्यांची दृष्टी दोन किंवा अधिक ओळींनी सुधारली आणि २७ टक्क्यांची मंददृष्टी पूर्ण गेली (२००६). आधी काही आठवडे केवळ चष्मा, मग गरज पडल्यास पट्टी किंवा थेंब, हा क्रम त्यामुळे रूढ झाला. चष्म्यावर किती काळ थांबावे याविषयी मात्र एकमत नाही.

उपचार एकदम थांबवणे धोक्याचे असते. सहा ते आठ तासांची पट्टी अचानक बंद केलेल्यांत ४२ टक्के मुलांची दृष्टी पुन्हा घसरली. आधी दोन तासांवर आणून मग थांबवलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होते.

सात वर्षांनंतर उपाय नाही, ही जुनी धारणा २००५ च्या चाचणीने सैल केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांत पट्टी व अट्रोपिन मिळालेल्यांपैकी ५३ टक्क्यांना, तर फक्त चष्मा मिळालेल्यांपैकी २५ टक्क्यांना गुण आला. तेरा ते सतरा वर्षांत एकूण फरक दिसला नाही. मात्र पूर्वी कधीच उपचार न झालेल्यांत तो होता.

दोन्ही डोळ्यांना एकत्र वापरायला लावणारे पडद्यावरील खेळ व चलच्चित्रे हा नवा मार्ग. टॅब्लेटवरील खेळ पट्टीच्या तोडीचा आहे, हे २०१६ च्या चाचणीत सिद्ध झाले नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या ल्युमिनोपिया या साधनाने १२ आठवड्यांत सुमारे १.८ ओळींची सुधारणा दाखवली. पण तेथे तुलना केवळ चष्म्याशी होती, पट्टीशी नव्हे. नेत्रव्यायामांचा पुरावा तोकडा आहे.

निदान : दुसरा डोळा चांगला असल्याने मूल तक्रार करत नाही. एक डोळा तळहाताने झाकल्यावर ते शांत राहते आणि दुसरा झाकताच हात ढकलते, हे घरी लक्षात येऊ शकते. थोडा तिरळेपणा भाग्याचा मानण्याच्या समजुतीने मौल्यवान वर्षे वाया जातात. फेब्रुवारी २०१३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांच्या दृष्टिदोषांची तपासणी अंतर्भूत आहे.