बिट चोवीस, पण वापरले किती?

सिग्नल ॲनालायझर, म्हणजे सिग्नल मोजून त्यात कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारं मशीन, त्याच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात काय असतं, तर "24 बिट". जणू बिट वाढले की मोजमाप आपोआप बरोबर येणार. अहो, ते बिट कामी येणार की वाया जाणार हे इनपुट चॅनलची रेंज, म्हणजे किती व्होल्टपर्यंत मोजायचं ती मर्यादा, ठरवते, आणि हल्ली समोर बसून बटणं दाबतंय कोण, कॉम्प्युटरवरून कमांड जाते, त्यामुळे रेंज चुकली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

हिशोबाला 16 बिट घेऊ, सोपं पडतं. म्हणजे सगळी रेंज 65,536 पायऱ्यांत वाटलेली. रेंज उणे 10 ते अधिक 10 व्होल्ट ठेवली तर एक पायरी साधारण 0.3 मिलिव्होल्टची. आता सेन्सरकडून येतोय 10 मिलिव्होल्टचा सिग्नल, वरखाली मिळून 20, त्याच्या वाट्याला पायऱ्या जेमतेम 65! 16 बिटचं मशीन घेऊन काम 6 बिटचं, पोती तोलायच्या काट्यावर अंगठी ठेवल्यासारखं. रेंज 100 मिलिव्होल्टवर आणा, तोच सिग्नल, तेच मशीन, आणि पायऱ्या साडेसहा हजार. सिग्नलचे आकडे करणारा भाग म्हणजे एडीसी, त्याच्या आधीचा गेन, म्हणजे सिग्नल मोठा करणं, तेवढा 40 डेसिबलने वाढला, बस. फार खाली आणलीत तर मात्र सिग्नलचे शेंडे छाटले जातात आणि स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे फ्रिक्वेन्सींच्या आलेखात, मुळात नसलेले हार्मोनिक्स, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सिग्नल, उगवतात.

कमांडची भाषा बहुतेक मशीनवर एससीपीआय, 1990 ची, बोलताना सगळे स्किपीच म्हणतात. इनपुट, कोलन, कपलिंग, मग एसी किंवा डीसी, अशी उतरंड. कपलिंग म्हणजे सिग्नल मशीनमध्ये कसा घ्यायचा ते. कपलिंगपुढे प्रश्नचिन्ह लावलं की मशीन सध्याची सेटिंग सांगतं. हे विचारायचा लोकांना भारी कंटाळा, आणि फसतात ते तिथेच. मागितली ती रेंज मशीनकडे नसेल तर ते जवळची दुसरी धरून गप्प बसू शकतं. आकडा मर्यादेबाहेरचा असेल तर एररच्या रांगेत उणे 222 टाकून ठेवतं, विचाराल तेव्हाच कळणार.

आता माझी आवडती गोष्ट, एसी कपलिंग. म्हणजे वाटेत एक कपॅसिटर, डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, अडवायला. कंपन मोजायच्या आयईपीई प्रकारच्या सेन्सरच्या सिग्नलखाली 10 व्होल्टच्या आसपास डीसी असतो. कपॅसिटर 1 मायक्रोफॅरड आणि रेझिस्टन्स 1 मेगओहम धरला तर टाइम कॉन्स्टंट, म्हणजे कपॅसिटर किती सावकाश भरतो त्याचं माप, 1 सेकंद. कमांड गेल्यावर 5 सेकंदांनीही त्या 10 व्होल्टपैकी 67 मिलिव्होल्ट शिल्लक असतात, आपला सिग्नल किती, तर 10! अर्ध्या मिलिव्होल्टच्या खाली यायला 10 सेकंद लागतात.

म्हणून प्रोग्राममध्ये कुठेतरी "2 सेकंद थांब" असं लिहिलेलं सापडतं, का ते कोणालाच माहीत नसतं, पण काढायची हिंमतही होत नाही. लिंबू-मिरचीच ती. आणि "झालं का" विचारणाऱ्या ओपीसी कमांडवरही विसंबू नका, तिचं "हो" बऱ्याचदा स्विच फिरल्याचं असतं, कपॅसिटर भरल्याचं नाही. मॅन्युअलमधून एसी कपलिंगची कटऑफ फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिच्या खालचं अडवलं जातं ती, शोधा, 1 ला 6.28 गुणिले त्या फ्रिक्वेन्सीने भागा, तो टाइम कॉन्स्टंट आला, त्याच्या दहापट थांबा, आणि रेंज त्यानंतर लावा.