दर आठवड्याला बोटातला एक थेंब

मे सोतजवळ मोई नदी उन्हाळ्यात अगदी अरुंद होते. अलीकडे थायलंड, पलीकडे म्यानमार, आणि मध्ये हवा भरलेल्या टायरच्या ट्यूबवरून ये-जा करणारी माणसं. पुलावर कागद लागतात, ट्यूबवर लागत नाहीत. गरोदर बाईलाही बहुधा हीच वाट. नकाशावर बघाल तर दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. पण जिच्याकडे कागदच नाही ती पोलिसांच्या धास्तीने ताप अंगावर काढते, आणि या भागात गरोदरपणात ताप अंगावर काढणं म्हणजे जिवाशी खेळ.

म्यानमारच्या लष्कराच्या कारवायांमुळे 1984 पासून तिथल्या कारेन जमातीचे लोक सीमा ओलांडून आले आणि निर्वासितांच्या छावण्या उभ्या राहिल्या. 1986 मध्ये शोक्लो नावाच्या छावणीत फ्रान्स्वा नोस्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी मलेरियावरचं संशोधन केंद्र सुरू केलं. 1989 मध्ये मे सोतला सिंथिया माउंग यांनी मे ताव दवाखाना उघडला. त्या स्वतः कारेन, स्वतः पळून आलेल्या. 2002 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला.

फॅल्सिपेरम जातीच्या मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की ती पेशी चिकट होते. गरोदर बाईत अशा पेशींना चिकटायला वार, म्हणजे बाळाला पोसणारा अवयव, मिळते. तिथे त्यांची गर्दी होते, बाळाचं पोषण तुटतं, वजन भरत नाही. आफ्रिकेतल्या दाट मलेरियाच्या भागात लहानपणापासून डास चावून थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, त्यामुळे तिथे मुख्य धोका पहिलटकरणीला. या सीमेवर मलेरिया त्यामानाने विरळ. म्हणून अंगात ढाल नाही, आणि चौथ्या खेपेची बाईसुद्धा पहिलटकरणीइतकीच उघडी. केंद्र सुरू होण्याआधी शंभर गरोदर बायांमागे साधारण एक मलेरियाने दगावत असे, असा अंदाज आहे.

वर दुखणं असं, की औषधांना दाद न देणारा मलेरिया जगात सर्वांत आधी फोफावला त्या टापूंपैकी हा एक. गोळ्या आधीच देऊन रोग टाळावा, तर खात्रीची गोळीच उरलेली नाही. मग केंद्राने साधा, पण चिकाटीचा मार्ग धरला: प्रत्येक गरोदर बाईच्या बोटातला एक थेंब, दर आठवड्याला, ताप असो वा नसो. आठवडाच का? फॅल्सिपेरमची एक पिढी साधारण 48 तासांत पुरी होते आणि दर पिढीला परजीवी कित्येक पटींनी वाढतात. महिन्याने तपासाल तर उशीर झालेला असतो. सुई टोचणारी, काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी माणसं छावणीतलीच, शिकवून तयार केलेली. छावणीतल्या बायांचे मलेरियाने होणारे मृत्यू जवळपास थांबले. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की आजारी पडल्यावर दवाखाना गाठायचा हा क्रमच इथे उलटा झाला.

मलेरिया आटोक्यात येत होता, तरी बाळं जातच होती. 1987 ते 1990 या काळात नोंद ठेवलेल्या बाळांपैकी 18 टक्के वर्षाच्या आत दगावली, आणि तीही दवाखाना जवळ असताना. दोन-तीन महिन्यांचं, अंगावर पिणारं, बरं दिसणारं बाळ अचानक धापा टाकू लागायचं. तोंड उघडून रडायचं, पण आवाज फुटायचा नाही. काही तासांत हृदय थकायचं.

हा बेरीबेरी होता, थायमिनच्या म्हणजे ब-1 जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. छावणीत मिळणारा तांदूळ पॉलिशचा; कोंड्याबरोबर थायमिनही गेलेलं. आंबवलेल्या माशांची चटणी आणि सुपारी असलं-नसलं थायमिनही निकामी करतात. त्यात बाळंतिणीचं पथ्य: हे वातूळ, ते थंड, भात आणि थोडं मीठ तेवढं चालेल. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला हे ओळखीचं वाटेल. आईच्या दुधात थायमिन नाही, म्हणून बाळात नाही. उपाय थायमिनचं स्वस्त इंजेक्शन, आणि मरणाच्या दारातलं बाळ काही तासांत सावरतं. रोग वेळेवर ओळखला जाऊ लागल्यावर बालमृत्यू हजारी 183 वरून 78 वर आले.

तिसरी गोष्ट काविळीची. या लोकांत जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता बरीच आढळते. मुंबईच्या पारशी समाजातही ती आहे. या दोषाच्या तांबड्या पेशी मलेरियाच्या परजीवीला फारशा मानवत नाहीत, म्हणूनच तो जिथे मलेरिया जुना तिथे टिकून राहिला. मलेरियापासून थोडं संरक्षण देणारं हेच जनुक नवजात बाळाला मात्र महागात पडतं. पेशी लवकर फुटतात, त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य साठतं, आणि ते मेंदूपर्यंत पोचलं तर नुकसान कायमचं. निळ्या प्रकाशाखाली ठेवलं की बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शरीराबाहेर पडतं. पण आधी घरात एक गोष्ट विचारावी लागते: बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत ठेवले होते का? नॅप्थलीनच्या नुसत्या वाफेनेही या पेशी फुटतात. आमच्या घरी बाळंतविडा याच गोळ्यांच्या वासाचा निघायचा, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

या सगळ्या आठवड्यांच्या नोंदी पुढे जगाच्या कामी आल्या. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मलेरियावरचं आर्टेमिसिनिन गटातलं औषध द्यावं की नाही, यावर वर्षानुवर्षं घोळ चालू होता. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गटातल्या आर्टेमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन या जोडऔषधाला हिरवा कंदील दाखवला, तेव्हा विचारात घेतलेल्या पुराव्यात या सीमेवरच्या बायांची माहिती होती. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही.

म्यानमारमधल्या 2021 च्या लष्करी बंडानंतर नदीच्या पलीकडे लढाई पेटली, माणसं पुन्हा इकडे आली आणि थायलंडच्या ताक प्रांतात मलेरियाचे रुग्ण पुन्हा वाढले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यावर छावण्यांतले दवाखाने बंद पडले, रुग्णांना घरी पाठवलं गेलं. ऑक्सिजनवर असलेल्यांची आणि दिवस भरत आलेल्या बायांची सोय कुठे करायची, हा प्रश्न मग आसपासच्या थाई सरकारी रुग्णालयांवर येऊन पडला.