डोळे आलेत की ॲलर्जी आहे?

डोळा लाल, पाण्याची धार, सुजलेल्या पापण्या. इथपर्यंत दोन्ही सारखंच, म्हणून आरशात नुसती लाली बघणारा हमखास फसतो. खुपतंय की खाजतंय, हे आधी ठरवा.

वाळूचा कण गेल्यासारखं खुपतंय, आधी एक डोळा लाल झाला आणि दोन-तीन दिवसांत दुसराही, तर डोळे आलेत असं धरून चाला. कारण बहुधा विषाणू, त्यातही ॲडिनोव्हायरस. घसा दुखतो, कधी कानापुढे दाबल्यावर दुखणारी बारीक गाठ लागते. घट्ट पिवळा-हिरवा पू पुसला की लगेच परत साचत असेल, तर जिवाणूंचा संशय घ्यावा. सकाळी पापण्या चिकटणं मात्र सगळ्यांतच दिसतं. तेवढ्यावरून अँटिबायोटिक थेंब सुरू करू नयेत, विषाणूवर ते चालतच नाहीत.

ॲलर्जीत बहुधा दोन्ही डोळे एकदमच बिघडतात, शिंका येतात, पांढरा चिकट स्राव दोऱ्यासारखा ओढला जातो. आणि खाज! चोळल्यावर क्षणभर बरं वाटतं, पण चोळण्यानेच हिस्टामिन, म्हणजे शरीरातलं खाज आणणारं द्रव्य, आणखी सुटतं आणि खाज वाढते. थंड पाण्याची पट्टी, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि डॉक्टरांनी दिलेलं ओलोपॅटाडिनसारखं औषध याने आराम पडतो. ही लागण नव्हे, घरात कुणाला वेगळं ठेवायची गरज नाही.

डोळे आले असतील तर वेगळं ठेवायलाच हवं. पाणी आणि लाली असेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, संसर्ग पसरू शकतो. नुसतं बघून डोळे येत नाहीत. हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यांतून येतात. काळा चष्मा उजेडाचा त्रास कमी करतो, साथ अडवत नाही. ॲडिनोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नको, साबणाने 20 सेकंद हात धुवा. चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने, नाकाकडून कानाकडे पुसा. प्रत्येक वेळी नवा बोळा. लेन्स लावणं बंद.

थेंब एकच पुरतो, जास्तीचा गालावर ओघळतो. दुसरं औषध 5 मिनिटांनी. बाटलीचं टोक पापणीला टेकलं तर तीच बाटली दुसऱ्या डोळ्यात संसर्ग नेते.

सगळ्यात घातक चूक म्हणजे उरलेले स्टिरॉइडचे थेंब स्वतःहून घालणं. लाली दोन दिवसांत उतरते खरी, पण आत नागिणीच्या जातीचा हर्पिस विषाणू असेल तर बुबुळावरची जखम पसरते.

तीव्र वेदना, अंधुक दिसणं, उजेड अजिबात सहन न होणं, बुबुळावर पांढरा डाग, किंवा लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखणं: यांपैकी काहीही असलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. पहिल्या 28 दिवसांच्या बाळाच्या डोळ्यात पू दिसला तर तासभरही थांबू नका.